परसदारात कोंबड्यांसोबत गिनी फाउल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या घरामागे दीड गुंठ्याचं परसदार आहे. गावरान आणि गिरिराज मिळून बारा कोंबड्या, एक कोंबडा आणि पाच गिन्या त्यात नांदतात. रस्त्याने जाणारा माणूस कुंपणापाशी थांबतो आणि विचारतो, "हे ठिपक्यांचं काय पाळलंय?" पुढचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. "वेगळ्या रंगाची कोंबडी" समजून आणलेल्या गिन्या महिन्याभरात उडून गेल्या किंवा मेल्या, असं ओळखीतल्या चार-पाच घरांत झालं. तसं आणखी कुणाकडे होऊ नये, एवढ्यासाठी काही उत्तरं लांबली आहेत.

गिनी ही कोंबडीचीच जात ना?

नाही. दोघींचा गण एक, पण कुळं वेगळी. गिनी मूळची आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या झुडपी रानातली. माणसाने पाळून शतकं झाली तरी तिच्यातलं रान पुरतं गेलेलं नाही. ती दिवसभर थव्याने फिरते, रात्री उंच बसते आणि हाताला सहसा येत नाही. उत्तर प्रदेशात तिला तितारी किंवा चित्रा म्हणतात. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथे तिचे तीन वाण तयार झाले: करड्यावर पांढऱ्या ठिपक्यांची कादंबरी, फिक्या जांभळट राखी रंगाची चितांबरी आणि पांढरीशुभ्र श्वेतांबरी. आमच्याकडच्या पाचही कादंबरीसारख्या दिसतात.

आणखी एक गोष्ट. "तितारी" ऐकून काही जणांना तित्तर वाटतो. तित्तर हा आपला रानपक्षी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, पकडून पाळता येत नाही. गिनीचा त्याच्याशी संबंध नाही.

शहरात पाळायला परवानगी लागते का?

गावागणिक नियम वेगळे आहेत. आपल्या नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन विचारा. सोसायटीत राहत असाल तर उपविधी वाचा. पण खरी परवानगी शेजाऱ्यांची. आम्ही गिन्या आणण्याआधी तिन्ही बाजूंच्या घरी जाऊन सांगून आलो होतो. आवाज होईल, त्रास झाला तर सांगा, आम्ही पक्षी हलवू, असं स्पष्ट बोललो. "हलवू" म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं, कारण गावाकडे भावाच्या शेतात त्यांची सोय होऊ शकत होती. अशी दुसरी सोय हाताशी नसेल तर शहरात गिन्या आणू नका.

आवाज खरंच इतका असतो?

असतो. कोंबडा आरवतो आणि थांबतो. गिनी ओरडायला लागली की मिनिटं मोजावी लागतात, आणि एकीने सुरू केलं की बाकीच्या सूर धरतात. गॅसच्या सिलिंडरची गाडी, अनोळखी माणूस, भिंतीवरचं मांजर, आकाशातली घार, कालपर्यंत नसलेली निळी बादली, सगळ्याला त्यांची हरकत असते. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनी नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चिडलेला थवा ती सहज ओलांडतो.

तरी दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. अंधार पडला की त्या गप्प होतात, कुणी छेडलं नाही तर पहाटेपर्यंत हूं की चूं नाही. आणि रोजची माणसं त्या ओळखतात. शेजारच्या काकू दोन महिन्यांत ओळखीच्या झाल्या, त्यांच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशीही झाल्या. पोस्टमन अजून झालेले नाहीत. पहाटेच्या गोंगाटावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. खुराड्याच्या जाळीवर रात्री जाड गोणपाट सोडतो, वरून हवेला फट ठेवतो. आत उजेड उशिरा शिरतो आणि त्या सात वाजेपर्यंत शांत राहतात. शेजारच्या मुलीची बारावीची परीक्षा होती त्या महिन्यात पाचही जणींना गावाकडे ठेवलं होतं.

जागा किती हवी आणि किती गिन्या घ्याव्यात?

खुराड्यात एका पक्ष्यामागे किमान ३ ते ४ चौरस फूट धरा, फिरायला मोकळी जागा वेगळी. कमीत कमी चार घ्या. एकटी गिनी झुरते, किंवा दिवसभर साथीदाराला हाका मारत राहते, आणि शेजारी सगळ्यात जास्त वैतागतात ते त्या हाकांनी.

भिंतीचा भरवसा धरू नका. सहा फुटांची भिंत गिनी लीलया ओलांडते. एकाच पंखाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि उड्डाण तोकडं पडतं. पिसं गळून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. कोवळ्या पिसात रक्त असतं, तिथे कात्री लावू नका. एक गुंठाही मोकळी जागा नसेल आणि वरून जाळी टाकणं शक्य नसेल, तर माझं मत सरळ आहे: कोंबड्या पाळा, गिन्या नकोत.

मोठे पक्षी आणावेत की पिल्लं?

पिल्लं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे अंडी. आमची पहिली खेप मोठ्या पक्ष्यांची होती. आठवड्याच्या बाजारातून सहा आणल्या, विकणाऱ्याने सांगितलं, "दोन दिवस कोंडा, मग सोडा." तिसऱ्या दिवशी सकाळी सोडल्या. त्या खुराड्याच्या छपरावर चढल्या, तिथून भिंतीवर, तिथून पलीकडच्या आंब्यावर, आणि संध्याकाळी परत आल्या फक्त दोन. मोठ्या पक्ष्याला नवी जागा "आपली" वाटायला सहा ते आठ आठवडे कोंडून ठेवावं लागतं, हे आम्हाला त्या चौघी गेल्यावर कळलं. त्यानंतरही एकदम सगळ्या सोडायच्या नाहीत. आधी दोन सोडायच्या, बाकीच्या आत ठेवायच्या. आतल्यांच्या हाकेने बाहेरच्या जवळपास राहतात.

दुसऱ्या वेळी आम्ही अंडी आणली आणि खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या, गावरान कोंबडीखाली रवण घातली, म्हणजे उबवायला ठेवली. माझ्या मते कोंबड्यांसोबत गिन्या वाढवायचा यापेक्षा चांगला मार्ग नाही. गिनी स्वतः आई म्हणून बेफिकीर असते. दवाने भिजलेल्या गवतातून पिल्लांना फरफटत नेते, मागे राहिलेल्यासाठी थांबत नाही. गावरान कोंबडी थांबते. ती पंखाखाली घेते, दाणा चोचीने उचलून पुढ्यात टाकते आणि संध्याकाळी बरोबर खुराड्यात आणते. तिच्यामागे वाढलेल्या गिन्या कोंबड्यांच्या वेळा शिकतात. आमच्या पाचजणी अजूनही त्या जुन्या कोंबडीच्या मागेमागे खुराड्यात शिरतात, आकाराने तिच्याएवढ्या झाल्या तरी.

रवण घालताना एक हिशेब लक्षात ठेवा. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनीचं २६ ते २८ दिवसांत. दोन्ही एकाच दिवशी खाली घातली तर कोंबडीची पिल्लं निघताच आई उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. मिसळायचीच असतील तर कोंबडीची अंडी आठवड्याने घाला. मध्यम गावरान कोंबडीखाली गिनीची १२ ते १५ अंडी मावतात, आकाराने ती लहान असतात.

खुडूक कोंबडी मिळाली नाही तर?

मग बल्बच्या उबेवर वाढवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय.

खाली वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि फाकलेले पाय पुन्हा नीट होणं कठीण. पहिले काही दिवस गोणपाट किंवा जुनं खरखरीत कापड, नंतर भाताचं तूस. पाण्याच्या थाळीत खडे टाका. गिनीचं पिल्लू एवढंसं असतं, अर्धा इंच पाण्यातही बुडून मरतं. आणि ओल, ओल, ओल! पहिल्या महिन्यात पिल्लं दगावतात ती बहुतेक भिजून, गारठून. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागतो, म्हणून रवण मार्च-एप्रिलमध्ये घाला. पिल्लं एप्रिल-मेमध्ये निघतात आणि पावसाआधी पिसं धरतात.

कोंबड्यांशी भांडणं होतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर "हो, पण बारमाही नाही" असं आहे. कोंबड्यांमध्ये कोण वर, कोण खाली हे एकदा ठरलं की चोच उगारली तरी समोरची बाजूला होते. गिनीला ती भाषा नीट समजत नाही. ती मागून धावत येते, शेपटीची पिसं उपटते आणि समोरचा पळाला तरी पाठलाग सोडत नाही. मार्च ते सप्टेंबर हा त्यांचा अंड्यांचा हंगाम, आणि त्या काळात नर गिनी कोंबड्याच्या हात धुऊन मागे लागतो. आमच्या कोंबड्याची शेपटी एका एप्रिलमध्ये पार बोडकी झाली होती.

काय केल्याने फरक पडला ते सांगतो. पाचांत दोन नर होते. गिन्या जोडीजोडीने राहतात, तरी एका नरामागे चार माद्यांपर्यंत चालतं. जास्तीचा नर दिला आणि त्याच्या जागी मादी आणली. दाण्याची भांडी एकाची तीन केली आणि एकमेकांपासून लांब ठेवली, कारण निम्मी भांडणं भांड्यापाशीच होत होती. परसात जुना पाट, डालगं, फांद्यांचा ढीग असे आडोसे केले. नजरेआड गेलेल्याला गिनी विसरते. आणि खुराड्याला दुसरं दार पाडलं, म्हणजे दारातच कुणी अडवलं तर कोंबडीला वाट राहते. एवढं करूनही रक्त निघत असेल तर हंगामापुरती मध्ये जाळी घाला. जखमी कोंबडी थव्यात ठेवू नका, लाल दिसलं की बाकीच्याही टोचतात.

नर आणि मादी ओळखायची कशी?

दिसण्यावरून फसगत होते. नराच्या गालाखालचे लाल लोंबते पाळे मोठे आणि वाटीसारखे वळलेले असतात, मादीचे लहान आणि सपाट. पण खात्री आवाजाने करा. मादी दोन तुकड्यांत ओरडते, "पट-ट्राक, पट-ट्राक". नर एकाच ठोक्यात, "च्यॅक-च्यॅक-च्यॅक". घाबरली की मादीही एकठोकी ओरडते, पण नर दोन तुकड्यांचा आवाज कधीच काढत नाही. साधारण दोन महिन्यांनंतर हे ऐकू यायला लागतं.

एकाच खुराड्यात झोपवलं तर चालतं?

चालतं, फक्त बसायची काठी उंच हवी. कोंबड्यांची काठी दोन-तीन फुटांवर असेल तर गिन्यांसाठी पाच फुटांवर वेगळी द्या, वर बसायला मिळालं की खाली खोडी काढत नाहीत. त्यांना अंधारात दिसत नाही. खुराड्याच्या आत काळोख असेल तर शिरत नाहीत, सरळ झाडावर जातात. संध्याकाळी आत पंधरा-वीस मिनिटं लहानसा दिवा लावून ठेवा. शहरात झाडावर झोपलेल्या गिनीला मांजर आहे, घुबड आहे, जुन्या वाड्यांच्या बाजूला उदमांजरही आहे. जाळी बारीक भोकांची लावा आणि तळाशी फूटभर जमिनीत गाडा. मुंगूस आणि घुशी खालून येतात.

खायला काय घालता?

मोठ्या गिन्यांना अंड्यांवरच्या कोंबड्यांचंच (लेयर) खाद्य चालतं. सोबत बाजरी, जोंधळा, मक्याचा भरडा, भाजीची पानं आणि शिंपल्यांचा चुरा. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिले चार-सहा आठवडे २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांना सुरुवातीला देतात त्या खाद्यात, २३ टक्क्यांच्या आसपास असतात, त्यात उकडलेलं अंडं कुस्करून घाला. औषध मिसळलेलं पिल्लांचं खाद्य पशुवैद्यांना पिशवीवरचं लेबल दाखवल्याशिवाय घालू नका. कोंबडीला चालणारी काही औषधं इतर पक्ष्यांना बाधतात.

बाजरी मात्र फक्त संध्याकाळी आणि फक्त खुराड्यात. डब्याचा आवाज केला की पाचही धावत येतात. पहिल्या दिवसापासून तीच वेळ आणि तोच डबा ठेवला, एवढंच केलं.

अंडी किती देतात?

हंगामात शंभराच्या आसपास, मार्च ते सप्टेंबर. पहिलं अंडं यायला सात-आठ महिने लागतात. अंडं ४० ग्रॅमच्या आत-बाहेर, कवच इतकं जाड की वाटीच्या काठावर एका टिचकीत फुटत नाही. बलक दाट. आमच्याकडे त्याची पोळी मुलं आवडीने खातात.

पण अंडी मिळतील असं नाही, ती शोधावी लागतात! गिन्यांना खुराड्यातली खोकी आवडत नाहीत. झुडपाखाली एकच खळगा करून सगळ्या मिळून त्यात घालतात. एकदा कर्दळीच्या बुंध्यात तेवीस निघाली होती. घरटं सापडलं की सगळी उचलू नका, चार-पाच मागे ठेवा, नाहीतर जागा बदलतात. आम्ही आता दुपारी बारापर्यंत कोंडून ठेवतो, त्यामुळे बरीचशी अंडी आतच मिळतात.

साप येत नाहीत म्हणतात, खरं का?

साप येतातच, गिन्या ते येताना सांगतात. मागच्या सप्टेंबरमध्ये धुण्याच्या दगडापाशी एकदम कल्लोळ झाला. जाऊन बघतो तर पाचही जणी अर्धगोल करून उभ्या, माना ताणलेल्या, पंख किंचित सोडलेले, आणि मध्ये हातभर लांबीची धामण. एकीनेही चोच मारली नाही. धामण सरकली की गोलही सरकायचा, असं करत करत तिला गटारापर्यंत पोचवून आल्या. कोंबड्या तेवढा वेळ पेरूखाली गप उभ्या होत्या.

गिन्या लहान सापाला मारतातही. पण घरात लहान मुलं असतील तर एवढ्यावर विसंबू नका. मण्यार रात्री फिरते आणि रात्री गिन्या झोपलेल्या असतात. घोणस, नाग, फुरसं यांपैकी काही निघालं तर पक्षी आत घ्या, लांब उभे राहा आणि सर्पमित्राला बोलवा. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप, तेव्हा खाद्याची कोठी घट्ट झाकणाची ठेवा.

गोचीड कमी होतात का? कोकणात माकडतापासाठी पाळावी का?

गिन्या मोठ्या गोचिडी टिपतात, आमच्या कुत्र्याच्या अंगावर त्या कमी झाल्याचं आम्ही पाहिलं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत माकडताप पसरतो तो मात्र मुख्यतः गोचिडीच्या बारीक पिल्लांमुळे. ती डोळ्यांना जेमतेम दिसतात, पक्ष्यांच्या चोचीतूनही सुटतात. त्यामुळे त्या भागात गिनी पाळून निर्धास्त होऊ नका. रानात जाताना अंगभर कपडे, परत आल्यावर गरम पाण्याची अंघोळ आणि आरोग्य केंद्राचा सल्ला हेच महत्त्वाचं.

लसी लागतात का?

काटक पक्षी आहे म्हणून लोक टाळतात, ते चूक. मानमोडी (राणीखेत रोग) गिनीलाही होते. कोंबड्यांना देता तसंच वेळापत्रक पशुवैद्यांकडून ठरवून घ्या: पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी टोचायची लस, आणि देवीची. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. आम्ही आसपासची सहा घरं मिळून एकाच रविवारी लस देतो. जंताचं औषधही सगळ्या पक्ष्यांना एकाच वेळी द्या. कोंबड्यांच्या विष्ठेतले जंत गिनीच्या पिल्लांना फार त्रास देतात.

पक्षी पटापट मरायला लागले तर हात लावू नका, पुरूही नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला होता. परसातले पाच पक्षीही त्या साखळीत येतात.

बागेची नासधूस होते का?

कोंबड्यांपेक्षा कमी. गिनी माती फारशी उकरत नाही, चालता चालता किडे टिपते. कोवळी रोपं मात्र खाते. गाडी चकचकीत ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना आधी सांगा. दारात आणि बंपरमध्ये स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की नर त्याच्यावर चोची मारतो.

पकडायची कशी?

पायाला धरून कधीच नाही. कोंबडी जशी पायांनी उचलतो तशी गिनी उचलली तर पाय निखळतो. अंधार पडल्यावर काठीवरून दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला.

दिवाळीत काय करता?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार वाजताच आत घेतो, गोणपाट दोन पदरी सोडतो आणि आत दिवा चालू ठेवतो. अंधारात फटाका वाजला की गिन्या सरळ वर उडून छपरावर डोकी आपटतात. छताला आतून पोतं ताणून बांधलं आहे. संक्रांतीच्या आठवड्यात तर सोडतच नाही, पेरूच्या फांद्यांत मांजा अडकलेला असतो.

कोंबडा आणि गिनी यांची पिल्लं होतात का?

क्वचित होतात, ती वांझ असतात. मुद्दाम करण्यात अर्थ नाही.

एखादी हरवली तर?

पाठलाग करू नका, ती आणखी लांब जाते. बाकीच्या सगळ्या आत घ्या, दार जाळीचंच ठेवा म्हणजे त्यांचा आवाज बाहेर जाईल. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास बाजरीचा डबा वाजवा. गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवा, ती झाडं आणि गच्च्या भराभर बघून येतात. आमची एक तीन गल्ल्या पलीकडे पाण्याच्या टाकीवर सापडली होती. एका मुलाने "पट-ट्राक" अशी हाक मारली आणि तिने वरून उत्तर दिलं.